शिट्टी कुणाच्या घरची?

बास्केटबॉलचं मैदान हे खेळांच्या जगातलं सर्वांत निर्गुण मैदान. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं, कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. इंदूरहून खंडवा रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर सिमरोल येतं. तिथल्या आयआयटीतलं मैदान आणि मुंबईत पवईच्या आयआयटीतलं मैदान, नियमाने दोन्ही एकाच मापाची. क्रिकेटचा यजमान खेळपट्टी कोरडी ठेवू शकतो, फुटबॉलचा यजमान गवत वाढू देऊ शकतो. बास्केटबॉलच्या यजमानाला कडी दोन बोटंही खाली घेता येत नाही. तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा या खेळात सगळ्यांत कमी असायला हवा. प्रत्यक्षात उलटं दिसतं. टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ साली ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात निरनिराळ्या खेळांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये यजमान संघ शंभरातले ५४ सामने जिंकतो, एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये साठीच्या वर आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये ६९ च्या आसपास. ज्या मैदानात यजमानाला ढवळाढवळ करायला जागाच नाही, तिथेच यजमान इतका जिंकतो. हा फायदा मैदानात नसेल तर आहे कुठे, हा या प्रकरणाचा विषय. आणि त्याचा शोध घेण्यासाठी संगणकावरचे बास्केटबॉलचे खेळ फार उपयोगी पडतात, कारण त्यांनी या प्रश्नाचं एक अगदी स्पष्ट आणि माझ्या मते बरंचसं चुकीचं उत्तर देऊन ठेवलं आहे.

ते उत्तर पाहायला ‘बास्केटबॉल जीएम’ हा ब्राउझरमध्ये चालणारा खेळ सोयीचा. तो कॉलेजचा नव्हे, व्यावसायिक लीगचा आहे, पण त्याचा कोड खुला असल्याने आत काय चाललं आहे ते कुणालाही वाचता येतं. खेळणारा संघाचा व्यवस्थापक होतो, खेळाडू घेतो-सोडतो आणि सामना संगणक खेळून दाखवतो. प्रत्येक खेळाडूच्या नेमबाजी, पासिंग, रिबाउंड, बचाव अशा क्षमतांचे आकडे असतात. सामना सुरू होण्याआधी यजमान खेळाडूंच्या आकड्यांना एकाहून किंचित मोठ्या संख्येने गुणलं जातं आणि पाहुण्यांच्या आकड्यांना किंचित लहान संख्येने. घरच्या मैदानाचा सगळा कारभार एवढाच. यजमान खेळाडू त्या दिवसापुरता थोडा बरा खेळाडू होतो, पाहुणा थोडा वाईट. ज्यांत चित्रं हलतात, प्रेक्षक ओरडतात, असे महागडे व्हिडिओ गेम हेच अधिक नाट्यमय रीतीने करतात. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ‘कॉलेज फुटबॉल २५’ या अमेरिकी फुटबॉलच्या खेळात कठीण स्टेडियमांची क्रमवारीच लावलेली आहे. तिथे पाहुण्या संघाकडून खेळताना गोंगाट वाढला की स्क्रीन थरथरते आणि डावपेचांच्या रेषा वेड्यावाकड्या होतात. गुणाकार असो की थरथर, कल्पना एकच आहे: प्रेक्षकांचा आवाज खेळाडूच्या शरीरात शिरतो आणि त्याचं कौशल्य कमी-जास्त करतो.

हे खेळ खेळाडूंची नक्कल किती बारकाईने करतात याचा दाखला न्यायालयातच सापडतो. १९९५ साली अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद जिंकणाऱ्या यूसीएलए संघातल्या एड ओबॅननला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला: तीच जर्सी, तोच ३१ क्रमांक, डावखुरा. नाव तेवढं नव्हतं, आणि पैसेही अर्थातच मिळाले नव्हते. २००९ मध्ये त्याने दावा लावला आणि कॉलेज खेळाडूंच्या हक्कांचा तो एक मोठा खटला ठरला. खेळाडूचा डावा हातसुद्धा न विसरणाऱ्या या खेळांमध्ये एक माणूस मात्र जवळजवळ कायम पुसट राहतो, तो म्हणजे शिट्टी वाजवणारा पंच. व्यवस्थापनाच्या खेळांत बहुधा त्याचं अस्तित्वच नसतं. फाउल होणं-न होणं खेळाडूंच्या आकड्यांवरून आणि एका यादृच्छिक संख्येवरून ठरतं. घरच्या फायद्याचा बराच भाग ज्याच्या हातून जातो, तोच नेमका गाळला गेला आहे.

हा फायदा केवढा, ते आधी पाहू. एकाच लीगमधले तुल्यबळ संघ एकदा इथे, एकदा तिथे खेळले, तर अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरच्या मैदानाची किंमत साडेतीन गुणांच्या आसपास धरली जाते. अलीकडे ती थोडी उतरली आहे. सामन्यांतला गुणफरक आपल्या सरासरीभोवती साधारण अकरा गुणांनी हेलकावतो असं मानलं, तर साडेतीन गुणांमुळे तुल्यबळ यजमानाची जिंकण्याची शक्यता पन्नासवरून साडेबासष्ट टक्क्यांवर जाते. ऐकायला हे बरंच वाटतं. पण साडेतीन गुण म्हणजे यजमानाची एक जास्त बास्केट आणि पाहुण्याची एक कमी, तीही पुरती नव्हे. दोन्ही बाजू मिळून शंभराहून अधिक फटके मारले जाणाऱ्या सामन्यात हे एवढंसं फळ. म्हणून कारण शोधताना एखादी प्रचंड शक्ती शोधायची गरज नाही. दोन-तीन शिट्ट्या इकडच्या तिकडे झाल्या, दोन निसटते चेंडू कुणी झेप घेऊन धरले, की हिशेब पुरा होतो.

साडेबासष्ट आणि एकोणसत्तर यांच्यातली तफावत कुठून आली, याचं उत्तर रुक्ष आहे: वेळापत्रकातून. अमेरिकेतली बलाढ्य कॉलेजं मोसमाच्या सुरुवातीला लहान कॉलेजांना पैसे देऊन आपल्याकडे खेळायला बोलावतात आणि परतीच्या सामन्याला त्यांच्याकडे जात नाहीत. असा सामना बलवान संघ चंद्रावरही जिंकला असता. पण नोंदवहीत तो घरच्या मैदानाच्या खात्यावर जमा होतो. ६९ हा आकडा एखाद्या सिम्युलेशनमध्ये जशाचा तसा बसवला, तर वेळापत्रकाचं कर्तृत्व प्रेक्षकांना बहाल होतं. खेळांवरच्या चर्चेत ही गफलत सर्रास दिसते आणि ती फक्त अमेरिकेत होते असंही नाही.

इंदूरचंच उदाहरण घेऊ. तिथे घरच्या मैदानाची एक जुनी आणि भरगच्च नोंद आहे, अर्थात क्रिकेटची. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघाने रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या गाठल्या. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड अशा खेळाडूंचा तो संघ. पाच अंतिम सामने इंदूरला झाले, पाच बाहेर. इंदूरच्या पाचांपैकी होळकरांनी तीन जिंकले: १९४५-४६ मध्ये बडोद्याविरुद्ध, १९४७-४८ मध्ये मुंबईविरुद्ध, १९५०-५१ मध्ये गुजरातविरुद्ध. बाहेरच्या पाचांपैकी फक्त एक, १९५२-५३ चा कलकत्त्यातला बंगालविरुद्धचा, तोही पहिल्या डावातल्या आघाडीवर. बडोद्याशी तीन अंतिम सामने झाले आणि तिन्ही यजमानाने जिंकले. १९४६-४७ मध्ये बडोद्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी रचली आणि होळकर एक डाव ४०९ धावांनी हरले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच बडोद्याला त्यांनी इंदूरला ५६ धावांनी हरवलं होतं. मुंबईचा हिशेबही बोलका आहे. मुंबईत होळकर ३७४ आणि ५३१ धावांनी हरले, इंदूरला एकदा नऊ गडी राखून जिंकले आणि एकदा आठ गड्यांनी हरले. दहा सामन्यांची बेरीज केली तर सात वेळा यजमान संघ जिंकला आहे.

इथे सिम्युलेशन आपलं खरं काम करू शकतं. घरचा फायदा शून्य आहे असं गृहीत धरून संगणकाला दहा वेळा नाणं उडवायला सांगायचं, आणि हा दहा-दहाचा प्रयोग हजार वेळा करायचा. हजारातल्या सुमारे १७२ वेळा सात किंवा त्याहून जास्त छापे पडतील. म्हणजे होळकरांच्या दहा सामन्यांतला सातचा आकडा नुसत्या योगायोगानेही सहापैकी एकदा दिसला असता. पुरावा आहे, पण कच्चा. साडेबासष्ट टक्क्यांचा फायदा पन्नास टक्क्यांपासून खात्रीने वेगळा ओळखायचा, तर साठ-पासष्ट सामने तरी लागतात. एखाद्या मैदानाला ‘बालेकिल्ला’ म्हणण्यासाठी लोकांना एवढा धीर नसतो. सलग चार विजय पुरतात. शिवाय क्रिकेटमधल्या या फायद्यात खेळपट्टी मिसळलेली आहे, आणि खेळपट्टी हे दुधारी शस्त्र. मार्च २०२३ मध्ये इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर फिरकीला अति मदत करणाऱ्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने भारताला तिसऱ्या दिवशी नऊ गडी राखून हरवलं. बास्केटबॉलचं महत्त्व नेमकं इथे: त्यात खेळपट्टी वजा झालेली असते आणि उरलेल्या कारणांकडे स्वच्छ पाहता येतं.

उरलेल्या कारणांत पहिला संशय प्रेक्षकांच्या आवाजावर. तो तपासायला या खेळाने आपण होऊन एक प्रयोगशाळा देऊ केली आहे, फ्री थ्रो. फ्री थ्रो घेताना बचाव करणारा आडवा येत नाही, घाई नसते, अंतर ठरलेलं असतं, पंचाला ठरवण्यासारखं काही नसतं. फक्त खेळाडू, कडी आणि कडीमागे किंचाळणारे, हातवारे करणारे प्रेक्षक. आवाज हातात शिरत असेल तर तो इथे दिसायलाच हवा. मॉस्कोविट्झ आणि वर्थाइम यांनी एनबीएच्या सुमारे दोन दशकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा यजमानांची फ्री थ्रोची टक्केवारी ७५.९ निघाली आणि पाहुण्यांचीही ७५.९. इतका नेमका निकाल खेळांच्या संख्याशास्त्रात क्वचित मिळतो. अपवाद आहेत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ पासून कडीमागे एक पडदा धरायला सुरुवात केली. पाहुणा नेम धरू लागला की पडदा उघडतो आणि आत काहीतरी चित्रविचित्र सोंग उभं असतं. तिथे पाहुण्यांची टक्केवारी घसरल्याचं दिसलं. पण तो आवाजाचा विजय नव्हे, अनपेक्षित दृश्याचा. नेहमीच्या गोंगाटाला खेळाडू सरावलेले असतात. व्हिडिओ गेममधली थरथरणारी स्क्रीन पाहायला मजेदार आहे. जिथे मोजून पाहता आलं, त्या फ्री थ्रोच्या रेषेवर तरी ती थरथर दिसलेली नाही.

दुसरा संशय प्रवासाच्या थकव्यावर. मुंबईचा संघ अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर हेलकावत इंदूरला आला, तिथून बसने सिमरोलला, तर पाय जड होणारच, असं वाटतं. थकव्याचा नियम असा की तो सामन्याच्या शेवटाकडे वाढत जातो. मार्शल जोन्स यांनी २००७ मध्ये एनबीएतल्या गुणांची क्वार्टरनिहाय फोड करून दाखवलं की यजमानाची आघाडी सर्वांत जास्त वाढते ती पहिल्या क्वार्टरमध्ये. पुढे ती वाढण्याचा वेग मंदावतो. प्रवासाने शिणलेला संघ पहिल्या बारा मिनिटांत सर्वाधिक मार खाऊन नंतर सावरतो, हे थकव्याच्या स्पष्टीकरणात बसत नाही. त्यात अनोळखी जागा बसते. कडीमागचं वेगळं दृश्य, वेगळा उजेड, चेंडूची किंचित वेगळी उसळी, आणि मग हळूहळू सराव. पहिल्या क्वार्टरचा हा पुरावा सिम्युलेशनच्या विरोधातही जातो, कारण गुणाकाराचा फायदा सामनाभर सारख्याच दराने मिळत राहतो.

आता शिट्टी. काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स यांनी २००९ साली थेट कॉलेज बास्केटबॉलचाच अभ्यास प्रसिद्ध केला. २००४-०५ च्या मोसमातले ३६५ सामने त्यांनी घेतले आणि प्रत्येक फाउल कुणावर दिला गेला ते पाहिलं. पुढचा फाउल पाहुण्या संघावर दिला जाण्याची शक्यता यजमानापेक्षा सात टक्क्यांनी जास्त होती. सामन्यात एकूण ३६ फाउल धरले, तर याचा अर्थ साधारण साडेसतरा विरुद्ध साडेअठरा, म्हणजे एका फाउलाहून थोडा जास्त फरक. त्यातल्या प्रत्येकाला दोन फ्री थ्रो मिळाले आणि शंभरातले सत्तर कडीत गेले असं उदारपणे मानलं, तर होतात पावणेदोन गुण. साडेतीनपैकी निम्मे. सगळे फाउल फ्री थ्रोपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा थेट वाटा निम्म्याहून कमीच. पण चार फाउल डोक्यावर असलेला बचावपटू हात आखडून खेळतो किंवा बाकावर बसतो, तो हिशेब वेगळा. जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनियल स्टोन यांनी २०१२ मध्ये एनबीएबद्दल असंच काही दाखवलं: पंचाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या चुका, जसं चेंडू घेऊन जास्त पावलं टाकणं किंवा आक्रमकाने धक्का देणं, यांत कल यजमानाकडे झुकतो. तो कल किती खरा, हे तपासण्यासाठी त्यांनी ज्या चुकांमध्ये पंचाला काही ठरवावं लागत नाही अशा, म्हणजे पास हिसकावला जाणं वगैरे, तुलनेला घेतल्या होत्या.

यावर क्रीडाप्रेमी वाचक लगेच म्हणेल की म्हणजे पंच विकले गेलेले असतात तर. तसं मुळीच नाही. २००२ मध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी चाळीस पात्र फुटबॉल पंचांना एका इंग्लिश सामन्यातल्या झटापटींची चित्रफीत दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांवर साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. समोर प्रेक्षक नव्हते, धमकी नव्हती, लाच नव्हती. फक्त आवाज होता. निर्णय कठीण असला की माणूस आजूबाजूला पुरावा शोधतो, आणि हजार लोकांचा एकाच वेळचा ओरडा हा मेंदूला पुरावाच वाटतो. क्रिकेटने यावर उपाय केला तो माणूस बदलून: १९९४ पासून कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा, २००२ पासून दोघेही. पुढे कसोट्यांतल्या पायचीत निर्णयांचा अभ्यास झाला, तेव्हा दोन्ही पंच यजमान देशाचे असताना दिसणारा झुकाव तटस्थ पंचांबरोबर विरळ झालेला आढळला. अँडरसन आणि पिअर्स यांच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि सिम्युलेशन लिहिणाऱ्याने खरं तर तिच्यावर डोळा ठेवायला हवा. एका संघाचे फाउल दुसऱ्याहून जितके जास्त, तितकी पुढची शिट्टी दुसऱ्यावर वाजण्याची शक्यता जास्त. फरक पाच किंवा त्याहून अधिक झाला तर ती सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. शिट्टीला आठवण असते. संगणकाच्या नाण्याला ती नसते. प्रत्येक फाउल स्वतंत्रपणे ठरवणाऱ्या खेळात दोन संघांच्या फाउलांतलं अंतर वास्तवापेक्षा मोकाट सुटतं.

या सगळ्याविरुद्ध सर्वांत भक्कम आक्षेप २०२० च्या साथीतून येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. प्रेक्षकांचा आवाज खेळाडूला काही करत नाही असं म्हणणाऱ्यांना नियतीने रिकामी स्टेडियमं दिली. एनबीएच्या २०२०-२१ च्या मोसमात काही सामने प्रेक्षकांविना झाले, काही मर्यादित प्रेक्षकांसमोर. प्रेक्षक होते तिथे यजमान सुमारे ५९ टक्के सामने जिंकले. नव्हते तिथे सुमारे ५१. मैदान तेच, घर तेच, सरावाची जागा तीच. फक्त माणसं काढून घेतली आणि फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे अनोळखी जागेचा मुद्दा आपोआप मागे पडतो, हे मान्य करायला हवं. निदान व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत तरी. पण याहून महत्त्वाचं असं की या मोसमाचा अभ्यास करणाऱ्यांना फरक केवळ गुणांत दिसला नाही. प्रेक्षकांसमोर यजमान संघ रिबाउंड अधिक मिळवत होते. रिबाउंड म्हणजे कडीवरून उसळलेल्या चेंडूसाठी केलेली धाव आणि उडी. त्यात नेमापेक्षा कष्ट मोठे. तेव्हा शिट्टी हे एकमेव उत्तर नाही. मॉस्कोविट्झ आणि वर्थाइम यांनी जवळजवळ सगळं श्रेय पंचांना दिलं, ते मला अति वाटतं. पुराव्याची बेरीज अशी निघते की प्रेक्षक खेळाडूच्या हातापर्यंत पोचत नाहीत, पायांपर्यंत पोचतात. आणि त्याच वेळी पंचाच्या कानापर्यंत. फ्री थ्रोची ७५.९ विरुद्ध ७५.९ ही बरोबरी आणि रिबाउंडमधला फरक एकत्र ठेवले की दोन्ही खरे ठरतात. नेमबाजीसकट सगळ्या क्षमतांना एकाच आकड्याने गुणणारा संगणकी खेळ मात्र दोन्हींशी विसंगत राहतो.

सिम्युलेशन लिहिणाऱ्याचा बचाव इथे ऐकायला हवा, कारण तो दुबळा नाही. तो म्हणेल, माझ्या खेळात यजमान बासष्ट टक्के सामने जिंकतात, वास्तवातही तेवढेच जिंकतात. बेरीज जुळली, आता हिस्सा कुणाचा किती यात खेळणाऱ्याला काय रस? पंचाचा झुकाव घातला तर लोक खेळ पक्षपाती म्हणून बंद करतील. शेवटचं वाक्य खरंच आहे. आपल्या हरण्याचं खापर पंचावर फोडायला मिळणं हा प्रत्यक्ष खेळातला आनंद आहे, संगणकावर तोच मनस्ताप होतो. पण बेरीज जुळणं पुरेसं नाही, कारण बेरीज स्थिर नसते. १९८० च्या दशकात एनबीएतले यजमान तीनपैकी जवळजवळ दोन सामने जिंकत. आज ते प्रमाण पंचावन्नच्या आसपास आहे. खेळाडूंची शरीरं बदलली म्हणून हे झालेलं नाही. प्रवास सुधारला, पंचांचे निर्णय चित्रफितीवर तपासले जाऊ लागले, तीन गुणांचे लांबचे फटके वाढले आणि त्यामुळे कडीखालची धक्काबुक्की, म्हणजे पंचाच्या मर्जीचा प्रांत, आकसला. यातल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. पण कारणं माहीत नसलेल्या खेळाला हा उतार कधीच दाखवता येणार नाही. त्याला कुणीतरी दरवर्षी हाताने आकडा बदलून द्यावा लागेल. शिवाय तटस्थ मैदानावर काय होईल, प्रेक्षक निम्मे आले तर काय होईल, पंच बाहेरचा आणला तर काय होईल, या प्रश्नांना गुणाकाराकडे उत्तरच नाही. आणि एका देशातून दुसऱ्या देशात नेताना तर हा आकडा पुरता लंगडा पडतो.

समजा, सिमरोलच्या आयआयटीतल्या कुणा विद्यार्थ्याने भारतीय कॉलेज बास्केटबॉलचं सिम्युलेशन लिहायला घेतलं. पहिलीच अडचण ही येईल की अमेरिकी अर्थाने इथे घरचं आणि बाहेरचं असं वेळापत्रकच नाही. भारतीय विद्यापीठ संघ या संस्थेच्या स्पर्धा विभागवार भरतात आणि एका विभागाचे संघ एका यजमान विद्यापीठात जमतात. आंतर-आयआयटी क्रीडा महोत्सवाचीही रीत तीच. देशात आज तेवीस आयआयटी आहेत. महोत्सव जिथे भरतो तो संघ आपला प्रत्येक सामना घरी खेळतो आणि उरलेले बावीस एकमेकांशी तटस्थ मैदानावर भिडतात. गडगंज कॉलेजाने दुबळ्याला विकत बोलावण्याचा प्रकार इथे नाही, त्यामुळे ६९ टक्क्यांमधला फुगवटा आपोआप गळतो. उलट प्रवास अमेरिकेहून कठीण: विमानाऐवजी आरक्षण मिळालं तर स्लीपरचा डबा, परीक्षेच्या आगेमागे. आपल्याकडे कॉलेजांची बरीच मैदानं उघडी आणि सिमेंटची असतात. वारा, उन्हाची तिरीप, संध्याकाळच्या दिव्यांचा उजेड, चेंडूची उसळी, सगळं जागोजागी वेगळं. अमेरिकी व्यावसायिकांच्या बाबतीत साथीच्या वर्षाने मागे टाकलेलं ओळखीच्या जागेचं कारण इथे पुन्हा पुढे येऊ शकतं. माळव्याच्या पठाराची उंची मात्र हिशेबात घ्यायचं कारण नाही. डेन्व्हरच्या सोळाशे मीटरपुढे इंदूरचे साडेपाचशे किरकोळ आहेत. प्रेक्षकांचं म्हणाल, तर वसतिगृहातली दोन-तीनशे मुलं मैदानाच्या रेषेला चिकटून उभी असतात. पंच आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर इतकं कमी असताना आवाजाचा परिणाम आसनसंख्येवर ठरत नसावा असा माझा कयास आहे.

हा कयास तपासायला महागडी साधनं लागत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे प्रत्येक फाउल लिहिला जातो आणि त्यावर किती फ्री थ्रो मिळाले तो आकडाही. आत गेलेला प्रत्येक फ्री थ्रो धावत्या गुणांच्या रकान्यात वेगळ्या खुणेने दिसतो. म्हणजे दोन गोष्टी कागदावर आधीच आहेत: यजमानावर किती फाउल आणि पाहुण्यावर किती, यजमानाचे किती फ्री थ्रो आत गेले आणि पाहुण्याचे किती. दरवर्षी यजमान संघाचे पाच-सहा सामने होतात. साठ-पासष्ट सामने जमायला एका दशकाच्या गुणपत्रिका लागतील. यजमान म्हणून मुळातच बलवान संस्था निवडली जाते, या शंकेचंही निरसन करता येतं: सिमरोलच्या संघाची तुलना दुसऱ्या संघाशी न करता त्याच्याच आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या, परक्या मैदानावरच्या कामगिरीशी करायची. फ्री थ्रोची टक्केवारी दोन्हीकडे सारखी आणि फाउल मात्र तिरके निघाले, तर सिम्युलेशनमधला गुणाकार पुसून त्या जागी एक पंच लिहावा लागेल. फाउल सारखे निघून फ्री थ्रो तिरके निघाले, तर या प्रकरणातला निम्मा युक्तिवाद मागे घ्यावा लागेल आणि गुणाकार जिथे आहे तिथेच राहील.